गेमिंगच्या संगणकाला वेगळे नेटवर्क कार्ड बसवावे का?

प्रश्न (गुहागर)
नमस्कार. माझ्या मदरबोर्डवर एक गिगाबिटचा लॅन पोर्ट (नेटवर्कची केबल जोडायची जागा) आहे, घरी 40 एमबीपीएसचे फायबर आहे आणि राउटरपासून संगणकापर्यंत केबल टाकलेली आहे. तरीही संध्याकाळी खेळताना एरवी 30 मिलिसेकंदांच्या आसपास असणारे पिंग (सर्व्हरचे उत्तर यायला लागणारा वेळ) मध्येच 200 च्या पुढे जाते आणि चुरशीच्या क्षणी डाव हातचा जातो. दुकानदाराने गेमिंगसाठीचे म्हणून साडेचार हजारांचे वेगळे नेटवर्क कार्ड सुचवले आहे. त्याने खरोखरच फरक पडेल का?

उत्तर (रत्नागिरी)
तूर्त हा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. 2006 मध्ये बिगफूट नेटवर्क्सने ‘किलर’ कार्ड आणले, तेव्हा त्यावर 400 मेगाहर्ट्झचा स्वतंत्र प्रोसेसर आणि 64 एमबी मेमरी होती आणि विंडोजची नेहमीची वाट टाळून ते पॅकेट (नेटवर्कवरून जाणारे माहितीचे छोटे गठ्ठे) स्वतःच हाताळत असे. एक-दोन कोअरच्या त्या काळात या कल्पनेला अर्थ होता. आजच्या सहा-आठ कोअरच्या प्रोसेसरला हे काम जाणवतही नाही.

हिशेब मांडून पाहा. गिगाबिट पोर्टमधून 1500 बाइटचे पॅकेट बाहेर पडायला 12 मायक्रोसेकंद लागतात आणि गेमची पॅकेट तर त्याहून बरीच लहान असतात. तुमची तक्रार 200 मिलिसेकंदांची, म्हणजे दोन लाख मायक्रोसेकंदांची आहे. फायबरमधून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे 200 किलोमीटर जातो, त्यामुळे गेमचा सर्व्हर मुंबईत असला, तरी हा विलंब तिथवरच्या अंतराचा नव्हे. बहुधा घरातले कोणीतरी काही अपलोड करत असते आणि तुमची पॅकेट राउटरमधल्या रांगेत अडकून पडतात.

खात्री करण्यासाठी संगणकावर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडून एकीत राउटरला आणि दुसरीत बाहेरच्या पत्त्याला सतत पिंग करत राहा. राउटरचे उत्तर एका मिलिसेकंदाच्या आत येत असताना बाहेरचे वाढले, तर तुमच्या पोर्टचा काहीच दोष नाही.

उत्तर (कुडाळ)
वरील मताशी मी सहमत आहे, मात्र संगणक दुरुस्तीच्या कामातून एक पुस्ती जोडतो. आपल्याकडे वेगळे कार्ड घ्यावे लागते ते आकाशातल्या विजेमुळे आणि खाऱ्या हवेमुळे. फायबरमधून वीज येत नाही हे खरे, पण राउटरचा ॲडॉप्टर घरच्या वायरिंगवर असतो आणि पुढची लॅन केबल तांब्याची असते. वळवाच्या पावसात त्या वाटेने पोर्ट जळतो आणि बाकीचा संगणक शाबूत राहतो. अशा वेळी मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेस खाचेत बसणारे साधे गिगाबिट कार्ड पुरते, त्यावर ‘गेमिंग’ लिहिलेले असण्याची गरज नाही.

वेंगुर्ल्याच्या एका ग्राहकाकडे लिंकचा वेग 1000 एमबीपीएस (एक गिगाबिट) ऐवजी 100 दिसत होता. टॉर्च लावून पाहिले, तर पोर्टच्या कडेच्या दोन पिनांवर हिरवट थर चढला होता. गिगाबिटला केबलमधल्या तारांच्या चारही जोड्या लागतात, 100 ला दोनच पुरतात. तेव्हा तुमचाही पोर्ट एकदा पाहून घ्या.

प्रश्नकर्ता (गुहागर)
दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री चाचणी केली. राउटरचे पिंग एका मिलिसेकंदाच्या आतच राहिले आणि बाहेरचे 240 वर गेले. त्याच वेळी बहिणीच्या फोनवरून लग्नाचे फोटो क्लाउडवर चढत होते. राउटरमध्ये अपलोडची मर्यादा 34 एमबीपीएस ठेवल्यावर फोटो चढत असतानाही पिंग 36 च्या वर गेले नाही. कार्ड नको असे दुकानदाराला कळवले. पोर्टमध्ये मात्र एका पिनेवर हिरवट ठिपका दिसतो आहे. तो कसा काढावा?

उत्तर (कुडाळ)
संगणक बंद करून विजेची वायर भिंतीवरच्या सॉकेटमधून काढा, मऊ ब्रशवर थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पिनांच्या लांबीच्या दिशेने हलके फिरवा आणि पूर्ण वाळल्यावरच केबल जोडा. सॅंडपेपर अजिबात वापरू नका; पिनांवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो, तो गेला की गंज दुपटीने धरतो. केबलचे टोकही कापून नवीन कनेक्टर लावून घ्या, कारण तोच थर तिथेही असणार.