तुरीतले भुंगे आणि डायटमची माती

‘डायटमची माती मिसळूनही तुरीत भुंगे निघतात’ अशी एक तक्रार आहे. पण म्हणून माती बनावटच असेल असं नाही. डायटम म्हणजे सिलिकाच्या कवचातलं एकपेशीय शैवाल, आणि ही माती त्या कवचांचा जीवाश्म चुरा. किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर तो शोषतो, खरवडतो. अंगातलं पाणी आटून किडा मरतो. म्हणजे हे विष नव्हे, ओलीपुढे याचं काही चालत नाही. शिवाय भुंग्याची अळी दाण्याच्या आत पोसते, तिथं भुकटी पोचतच नाही. अंडी तर बऱ्याचदा शेंगांवरून, रानातूनच येतात.

म्हणून आधी तूर कडक उन्हात वाळवा, दाण्यात 10 टक्क्यांच्या आसपासच ओल राहू द्या. गार झाल्यावर क्विंटलला साधारण 100 ग्रॅम भुकटी ताडपत्रीवर खालवर करून मिसळा; पाकिटावर वेगळं प्रमाण असेल तर तेच पाळा. ढिगावर वरून भुरभुरून काही होत नाही.

स्विमिंग पूलच्या फिल्टरसाठीची डायटमची भाजलेली भुकटी मात्र धान्याला नकोच. भाजताना सिलिका स्फटिकरूप होते, ती फुप्फुसाला घातक. साध्या भुकटीलाही रुमाल पुरत नाही, मास्क लावा. खायला काढताना पाखडून, धुऊन घ्या.