प्रतिसाद: चराईवरच्या गाईचा खुराक

गाईच्या वजनाच्या अडीच-तीन टक्के शुष्क पदार्थ (खाद्यातलं पाणी वगळून उरतो तो भाग) आणि अडीच लिटर दुधामागे किलोभर खुराक (ढेप-भरड्यासारखं पूरक खाद्य), हे मूळ लेखात दिलेलं गणित श्रावण-भादव्यातल्या हिरव्या मारवेल गवतावर बऱ्यापैकी जमते. दिवाळीनंतर मात्र आपल्या विदर्भातल्या पडीतावर कुसळी (टोकदार कुसळांचं गवत) वाळते, तिच्यातली प्रथिनं सात टक्क्यांच्या खाली जातात. मग पोटातले चारा पचवणारे जंतूच उपाशी राहतात, चारा पचायला वेळ लागतो अन् गाय मुळात तेवढं खातच नाही! म्हणजे गणिताचा पहिलाच आकडा चुकला.

मी तेव्हा शेण पाहतो. कोरडं, थरावर थर पडलेलं दिसलं की प्रथिनं कमी पडताहेत असं समजतो, अन् दुधाचा हिशोब बाजूला ठेवून आधी सरकी ढेप (तेल काढून उरलेली सरकीची पेंड) अन् तुरीचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) सुरू करतो. चरायला लांब जाणाऱ्या गाईची चालण्यातली ऊर्जाही वेगळी धरा.