इंग्रजी विषयाची ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग, अभ्यासक्रमातलं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) नाशिकमध्ये कुठे करता येईल? मदत हवी आहे (तातडीने)

म्हसरूळची_मी
विभागाने पत्र हातात दिलं आणि सांगितलं, जागा तुमची तुम्ही शोधा. कॉमर्सच्या मुलांना सीए ऑफिसं आहेत, केमिस्ट्रीवाल्यांना एमआयडीसी आहे. इंग्रजीवाल्यांनी जायचं कुठे? मी एक जागा आणली होती, ती मॅडमनी ‘विषयाशी संबंध नाही’ म्हणून परत पाठवली. गुरुवारपर्यंत नाव द्यायचंय. नाशिकमध्ये कोणी इंग्रजीतून ओजेटी केली असेल तर कुठे केली ते सांगा. ‘शोध, मिळेल’ असं नको, ते घरचे रोज सांगतात.

गोदाकाठ
बी.ए. की एम.ए.? कितवं सेमिस्टर? क्रेडिट किती? आणि परत आलेली जागा कुठली होती? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

सातपूरकर_सर
शाळा. दुसरीकडे बघायलाच नको. घराजवळच्या मराठी माध्यमाच्या शाळेत जा आणि मुख्याध्यापकांना सांग, पाचवी ते सातवीच्या कच्च्या मुलांना इंग्रजी वाचायला शिकवते. कोणी नाही म्हणणार नाही. सातवीतला मुलगा ‘though’ आणि ‘thought’मध्ये अडकतो, त्याला रोज अर्धा तास घेऊन बसलं की महिन्यात फरक दिसतो. मी शिक्षक होतो, अनुभवाने सांगतोय. पुढे बी.एड.लाही उपयोग होईल.

रात्रपाळी
सर, प्रत्येक इंग्रजीवालीने शिक्षिकाच व्हायचं का? वर्तमानपत्रात जा. नाशिकमध्ये एवढ्या आवृत्त्या निघतात. डेस्कवर पीटीआय या वृत्तसंस्थेची इंग्रजी कॉपी येते, ती मराठीत करायची, दोनशे शब्दांची ऐंशी शब्दांत बसवायची, मथळा द्यायचा. वर्गात अनुवादाचे सिद्धांत वर्षभर शिकलात तरी डेस्कवरच्या आठवड्याची सर त्याला येत नाही.

सातपूरकर_सर
आणि डेस्कचं काम सुरू कधी होतं? संध्याकाळी. पानं सुटेपर्यंत मध्यरात्र. मुलगी म्हसरूळला राहते असं नावावरून दिसतंय. परतीचं काय?

रात्रपाळी
पुरवणीचं काम दिवसा चालतं. विचारायला काय जातं?

म्हसरूळची_मी
एम.ए. इंग्रजी, पहिलं वर्ष, दुसरं सेमिस्टर. चार क्रेडिट. परत आलेली जागा अंबडचं ट्रान्सपोर्ट ऑफिस, मामांच्या ओळखीचं. काम बिल्ट्यांची (मालाच्या पावत्यांची) एंट्री. रात्रीचं जमणार नाही, घरून परवानगी नाही. शाळा चालेल, पण मला शिक्षिका व्हायचं नाही, म्हणून दुसरं काही असेल तर आधी ते हवंय.

गोदाकाठ
आता बोलता येईल. एका क्रेडिटला ३० तास, म्हणजे चार क्रेडिटचे १२० तास. रोज चार तास धरले तर आठवड्याचे सहा दिवस जाऊन पाच आठवडे. लेक्चर सांभाळून करायचं असेल तर जानेवारीतच सुरू करायला हवं. मार्चमध्ये सुरू केलं की परीक्षा अंगावर येते.

उद्योगी_नाशिक
ताई, मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत नाव नोंदव. पदवीधरांना महिना १०,००० रुपये विद्यावेतन मिळतं. सरकारी ऑफिसातही जागा असतात. फुकट कशाला राबायचं?

गोदाकाठ
ती योजना शिक्षण चालू असलेल्यांसाठी नाही. हिचं एम.ए. चालू आहे. आणि हिने पैशाबद्दल विचारलेलंच नाही.

उद्योगी_नाशिक
विचारलं नसलं तरी माहीत असायला हवं. पास झाल्यावर कामाला येईल.

कॉलेजरोड_२३
एवढा त्रास का करून घेतेस? आमच्या बॅचमध्ये निम्म्यांनी क्लासवाल्यांकडून सर्टिफिकेट आणलं. थोडे पैसे भरायचे, लेटरहेडवर सही-शिक्का मिळतो. कोणी तपासत नाही.

म्हसरूळची_मी
मलाही एका क्लासकडून तसा निरोप आला होता. मी नाही म्हणाले. दोन वर्षांनी मुलाखतीत ‘तिथे काय केलंत’ विचारलं तर काय सांगू? मला खरंच काम करायचंय, फक्त जागा सापडत नाहीये.

चित्रा_पंचवटी
शाब्बास. खोट्या सर्टिफिकेटचं समर्थन इथे कोणी करू नये. मी महाविद्यालयात शिकवते (इंग्रजीच) आणि ओजेटीच्या फायली माझ्याकडे येतात. तोंडी परीक्षेत दोन प्रश्नांत कळतं कोण गेलं होतं आणि कोण नाही.

आता मुद्द्याचं. तुझ्या मॅडमचा आक्षेप ट्रान्सपोर्ट ऑफिसला नसणार, बिल्ट्यांच्या एंट्रीला असणार. आम्ही जागेच्या पाटीकडे बघत नाही, काम काय आहे ते बघतो. लिहिणं, संपादन, अनुवाद, मुद्रितशोधन, शिकवणं, सूची करणं यांपैकी काही रोज होत असेल तर कांद्याच्या व्यापाऱ्याकडेही ओजेटी होते. म्हणून मॅडमकडे नुसतं ठिकाणाचं नाव घेऊन जाऊ नकोस. एक पानाचा कामाचा आराखडा ने: कुठल्या आठवड्यात काय करणार, शेवटी हातात काय तयार असेल, तिथे मार्गदर्शक कोण. त्यावर त्या मार्गदर्शकाची सही आधी घे. मग नाही म्हणणं कठीण जातं.

वाचनवेडा
सार्वजनिक वाचनालयात विचारलंस का? १८४० सालची संस्था आहे. जुनी इंग्रजी पुस्तकं, त्यांच्या नोंदी, परिचय लिहिणं, इंग्रजीवाल्यासाठी सोन्याची खाण आहे. नाहीतर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीचं नाणेसंशोधन केंद्र आहे, तिथे संग्रहालयही आहे. माहितीफलक, परिचयपत्रिका, असं लिखाण संग्रहालयांना लागतंच. सावानाचं (सार्वजनिक वाचनालयाचं) पण संग्रहालय आहे, आमच्या लहानपणी वडील आम्हाला

वाचनवेडा
अर्धंच गेलं. वडील रविवारी न्यायचे, तिथली जुनी शस्त्रं बघायला. आता मुलं जातात का कोणास ठाऊक. नाशिककरांनी यावर वेगळा धागा काढायला हवा.

गोदाकाठ
काढा की. इथे गुरुवार जवळ येतोय.

दिंडोरीचा_दादा
ताई, म्हसरूळ म्हणजे दिंडोरी रोडच ना? मी त्याच रस्त्याला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये (माल पॅक करतात तिथे) ऑफिस बघतो. जानेवारी ते एप्रिल सीझन. माल युरोपला जातो. आमच्याकडे इंग्रजीचं काम ढिगाने पडलंय आणि करायला माणूस नाही, हे मनापासून सांगतो.

माल पोचला की खरेदीदाराकडून पाहणीचा रिपोर्ट येतो, सगळा इंग्रजीत, फोटोंसकट. कुठल्या पेटीत मणीगळ (घडातून सुटलेले मणी) किती, देठ कुठे तपकिरी पडलाय, साखर किती. शेतकरी फोन करून विचारतो, ‘माझा भाव का पाडला?’ मी तोंडी सांगतो, त्याला पटत नाही, मलाही नीट सांगता येत नाही. तो रिपोर्ट साध्या मराठीत अर्ध्या पानावर लिहून दिला तर निम्मी भांडणं मिटतील. उलट खरेदीदाराला उत्तर द्यायचं असतं, ते इंग्रजीत आणि ठामपणे. आमचे मेल म्हणजे नुसतं ‘प्लीज डू नीडफुल’. वर ऑडिट असतं, त्यासाठी पॅकिंगच्या बायकांना स्वच्छतेच्या सूचना मराठीत लावायच्या. मूळ कागद इंग्रजी.

सातपूरकर_सर
द्राक्षाच्या शेडमध्ये एम.ए.ची मुलगी? उद्या पेट्या उचलायला लावाल.

दिंडोरीचा_दादा
सर, ऑफिस वेगळं आहे, तिथे दोन मुली अकाउंटला आहेतच. ग्रेपनेटची (निर्यातीच्या द्राक्षांची ऑनलाइन) नोंदणी, फायटोच्या (माल कीड-रोगमुक्त असल्याच्या दाखल्याच्या) कागदांची जुळवाजुळव त्याच करतात. पेट्या उचलायला माणसं आहेत. आणि शेडमध्ये एकदा जावंच लागेल, मणीगळ बघितल्याशिवाय तिच्यावर लिहिणार कसं?

चित्रा_पंचवटी
हे फार चांगलं काम आहे. मुली, हे सोडू नकोस. एक सांगते, रोजची नोंदवही नीट लिही. मुलं लिहितात, ‘आज ऑफिसचे काम केले, वेळ ४ तास.’ अशा नोंदीला गुण देताना माझा हात थांबतो. असं लिही: ‘आगमन रिपोर्ट, दोन पाने, मराठी सारांश केला. मणीगळीचे प्रमाण कोष्टकात आधीचे राहिले होते, मार्गदर्शकांनी दाखवले, दुरुस्त केले.’ वेळ, सही त्याच दिवशी. शेवटी सगळ्या सह्या एकदम घेतल्या की शाईच सांगते.

रात्रपाळी
मान्य, हे डेस्कपेक्षा कमी नाही. पण तिला लिहायला शिकवणार कोण तिथे? मार्गदर्शकाला स्वतःलाच ‘नीडफुल’ लिहावं लागतंय.

चित्रा_पंचवटी
प्रश्न रास्त आहे. विषय शिकवायला विभागाचा मार्गदर्शक असतो, आठवड्याला एक मसुदा त्यांना दाखवायचा. व्यवहार दादा शिकवतील.

उद्योगी_नाशिक
एबीसी आयडी (क्रेडिटच्या ऑनलाइन खात्याचा क्रमांक) काढलाय ना? डिजिलॉकरवरून निघतो. क्रेडिट त्या खात्यातच जमा होतात.

म्हसरूळची_मी
आयडी आहे.

मॅडमना आज आराखडा दाखवला. आधी त्यांनीही ‘द्राक्षं?’ असंच विचारलं. मग दादांनी पाठवलेला एक जुना रिपोर्ट (नावं खोडून) आणि मी त्याचा केलेला मराठी सारांश पुढे ठेवला. त्यांनी तो पूर्ण वाचला, एका वाक्यावर पेन्सिलने खूण केली आणि म्हणाल्या, चालेल. अट एकच, प्रकल्प अहवाल इंग्रजीत हवा आणि अनुवाद करताना काय अडलं ते त्यात यायला हवं. उद्या कॉलेजचं पत्र मिळतंय. चित्रा मॅडम, दादा, खूप आभार. सर, तुमच्या शाळेचाही मी मे महिन्यात विचार करणार आहे, हे मनापासून.

एक शंका: शेतकऱ्यांसाठी केलेले मराठी कागद अहवालात जोडले तर चालतात का?

चित्रा_पंचवटी
परिशिष्टात जोड. मूळ आणि अनुवाद समोरासमोर. खरेदीदाराचं नाव, भाव आणि शेतकऱ्याचा नोंदणी क्रमांक झाकून, आणि पॅकहाऊसची लेखी परवानगी घेऊनच.

सातपूरकर_सर
मेमध्ये शाळा बंद असतात. जूनमध्ये ये.

दिंडोरीचा_दादा
परवानगीचं साहेबांशी बोललोय, देतो म्हणाले. सोमवारी नऊला ये. आधारची झेरॉक्स आण, गेटवर लागते. आणि स्वेटर आण ताई, पॅकिंग हॉलमध्ये गार असतं.