पश्चात्ताप दिसतो, तरीही पीडितासमोर बसायला नकार का?

प्रश्न:
मी पीडित आणि गुन्हेगार यांच्यातील मध्यस्थीचे प्रशिक्षण घेत आहे. पूर्वतयारीच्या भेटींत एक गोष्ट मला अस्वस्थ करते. ज्या गुन्हेगाराच्या बोलण्यात स्वतःबद्दलची चीड सर्वाधिक असते, तोच प्रत्यक्ष भेटीचा विषय निघाला की मान खाली घालतो. आणि फारसा न हेलावलेला दुसरा एखादा चटकन होकार देतो. अशा नकाराचा अर्थ ‘याला काही वाटत नाही’ असा घ्यावा का?

उत्तर १:
मुळीच घेऊ नये. अपराधभाव आणि शरम हे शब्द आपण एकमेकांऐवजी वापरतो, पण मानसशास्त्रज्ञ जून टँगनी यांनी त्यांतील फरक अनेक अभ्यासांतून दाखवला आहे. ‘मी वाईट वागलो’ ही बोच कृत्यापुरती असते, म्हणून नुकसान भरून द्यावे, क्षमा मागावी असे वाटू लागते. ‘मी माणूसच वाईट’ ही शरम मात्र सगळे व्यक्तिमत्त्व व्यापते, आणि मग लपणे किंवा दोष दुसऱ्यावर ढकलणे एवढेच सुचते. तुम्हाला दिसणारी चीड बहुधा या दुसऱ्या प्रकारची असावी. ‘माझे तोंड पाहून त्यांना पुन्हा त्रास होईल’ ही खरी काळजीही कधीकधी नकारामागे असते, आणि ती नुसत्या भीतीपासून वेगळी ओळखता आली पाहिजे.

उत्तर २:
शरमेला सरसकट अडथळा ठरवणे मला पटत नाही. गुन्हेशास्त्रज्ञ जॉन ब्रेथवेट यांनी १९८९ मध्ये मांडलेला मुद्दा असा, की कृत्याचा निषेध करतानाच माणसाला आपल्यात सामावून घेतले, तर तीच शरम त्याला परत आणते. कायमचा शिक्का मारला, तर ती त्याला दूर लोटते. कॅनडातील एल्मायरा येथे १९७४ मध्ये २२ ठिकाणी नासधूस केलेले दोन तरुण परिवीक्षा अधिकाऱ्यासोबत (प्रोबेशन ऑफिसर) दारोदार गेले आणि त्यांनी भरपाई दिली. ते न्यायाधीशांच्या सांगण्यावरून गेले होते, तयार पश्चात्ताप घेऊन नव्हे. म्हणून आधी योग्य भावना आणि मगच भेट, असा हट्ट धरू नये.

उत्तर ३:
आदेशाने गेलेल्यांचे उदाहरण जपून वापरावे, कारण अशा मध्यस्थीसारख्या उपक्रमांविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००२ च्या मूलभूत तत्त्वांनुसार दोन्ही पक्षांची संमती मुक्त हवी आणि ती केव्हाही मागे घेता आली पाहिजे. चटकन आलेल्या होकारामागे शिक्षा कमी होण्याची आशा असू शकते. तेवढ्यावरून त्याला नाकारू नका. मात्र ‘त्या दिवशी समोरच्या व्यक्तीवर काय ओढवले असेल?’ हे त्याच्याच शब्दांत सांगायला लावा. तो पुन्हा पुन्हा स्वतःच्याच अडचणींकडे वळत असेल, तर पीडिताला त्याच्यासमोर बसवण्याची घाई नको. आणि जो शरमेने गप्प आहे, त्याच्यापुढे पत्राचा किंवा मध्यस्थामार्फत निरोप देण्याचा पर्याय ठेवा, अर्थात पीडिताला तो हवा असेल तरच.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. ‘भेटाल का?’ एवढेच विचारून मी थांबत होते. पुढच्या बैठकीत ‘भेटलात, तर पहिले वाक्य काय असेल?’ असे विचारून पाहीन.