निळा क्रॉस, ४० युरो. घेऊ का?

बर्लिनवासी_नवा:
मंडळी, काल माउअरपार्कच्या रविवारच्या जुन्या बाजारात एका आजोबांच्या टेबलावर, चहाच्या किटलीशेजारी, निळ्या मीनाकामाचा क्रॉस दिसला. भुजांच्या मधे चार गरुड, वरच्या भुजेवर मुकुट आणि 'एफ', बाकीच्या तिन्हींवर फ्रेंच अक्षरं. आजोबा म्हणे, पहिल्या महायुद्धातल्या वैमानिकाचं पदक, ४० युरो. जर्मन पदकावर फ्रेंच कसं काय? आणि घेऊ का?

जुनंपानं:
अरे, हे 'पूर ल मेरित' (फ्रेंचमध्ये 'गुणवत्तेसाठी'), प्रशिया या जुन्या जर्मन राज्याचं मानाचं पदक! खरं असतं तर हजारो युरोंचा मामला, किटलीशेजारी लोळत पडलं नसतं. खरं पदक सोन्याचं असे. १९१६ च्या अखेरीपासून सोन्याचं पाणी दिलेल्या चांदीचं. माझ्याकडेही आहे एक, बारा वर्षांपूर्वी 'अस्सल' म्हणून गळ्यात मारलेलं. घरी भिंगाखाली धरलं तर गरुडांना पिसंच नाहीत, नुसती चपटी कबुतरं! आणि मीना कसला, निळा रंग. नखाने खरवडला की निघतो. बायको अजून त्याला 'ह्यांचं शौर्यपदक' म्हणते.

फ्रेंचचं म्हणशील तर हे सुरू केलं प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने, १७४० मध्ये. 'एफ' त्याचाच. दरबारात फ्रेंच चालायची आणि त्याला स्वतःलाही तीच प्यारी. १८१० मध्ये हा सन्मान फक्त लष्करासाठी ठेवला, तेव्हा नेपोलियनने प्रशियाचा जवळजवळ निम्मा मुलूख गिळला होता. तरी नाव फ्रेंचच!

वैमानिकाचं म्हणशील तर अर्धंच खरं. बोल्के आणि इमेलमान या जर्मन वैमानिकांना जानेवारी १९१६ मध्ये आठ-आठ विमानं पाडल्यावर मिळालं. वर्षभराने रिश्टहोफेनला सोळा पाडावी लागली. गाजले वैमानिक, पण बहुतेक पदकं गेली जमिनीवरच्या सेनापती-अधिकाऱ्यांकडे. पुढे दुसऱ्या महायुद्धात सेनापती म्हणून गाजलेल्या रोमेललाही १९१७ मध्ये इटलीच्या डोंगरातल्या लढाईसाठी मिळालं होतं. साध्या शिपायाला मात्र कितीही मर्दुमकी गाजवली तरी नाही.

पुणेरी_वाचक:
पण ऋग्वेदवाल्या मॅक्स म्युलरलाही मिळालं होतं ना? तो कुठे लढला?

जुनंपानं:
ती नागरी शाखा हो, १८४२ ची, विद्वान-कलावंतांसाठी. तिचं चिन्हच वेगळं, गोल. लष्करी पदक १९१८ मध्ये कैसरबरोबर, म्हणजे जर्मन सम्राटाची सत्ता गेली तेव्हाच, गेलं. नागरी शाखा आजही आहे.

बर्लिनवासी_नवा:
या रविवारी भिंग घेऊन गेलो. कबुतरंच निघाली! आजोबांना दाखवलं तर हसून म्हणाले, "बरं, २५ दे." क्रॉस तिथेच ठेवला, किटली घेऊन आलो.