रॅमच्या मागच्या गाडीतले अनुभव

२०१५ साली नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी दोघांच्या टीममधून 'रेस अक्रॉस अमेरिका' म्हणजे रॅम ही अमेरिका ओलांडणारी सायकल शर्यत पूर्ण केली. २०१७ मध्ये नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी ती एकट्याने केली. सायकलस्वारांविषयी पुष्कळ लिहून आलं. त्यांच्या मागे गाडीत जागणाऱ्यांविषयी फारसं नाही. क्रूमध्ये, म्हणजे रायडरच्या मदतीच्या टीममध्ये होतात, वाटेत मदतीला गेलात, तर लिहा, असं आवाहन केलं होतं. त्यावर आलेले हे तीन अनुभव.

•

सोलो रायडरच्या क्रूमध्ये मी रात्रपाळीचा ड्रायव्हर होतो. तेव्हा मार्ग होता कॅलिफोर्नियातलं ओशनसाइड ते मेरीलँडमधलं अनापोलिस, सुमारे ४,८०० किलोमीटर, मुदत बारा दिवसांची. रात्री मागून येणाऱ्या फॉलो गाडीच्या उजेडातच सायकल चालवायची असा नियम. गाडी थांबली की रायडरही थांबला.

कॅन्ससमध्ये पहाटे तीनला आमचं टायर बसलं. आदल्या पाच दिवसांत आम्ही रायडरचं एकेक मिनिट वाचवलं होतं. पाण्याची बाटलीही चालत्या सायकलवर द्यायचो. आता हे त्याला सांगायचं कसं? सांगितलं. तो काही बोलला नाही. हेल्मेटसकट कडेच्या गवतावर आडवा झाला आणि क्षणात घोरायला लागला. जॅक लावताना माझे हात कापत होते. स्टेपनी बसली, नट आवळले, आणि मग त्याला उठवायची वेळ आली. दोनदा हात मागे घेतला. तिसऱ्यांदा खांद्याला धरून हलवलं. उठला, पायडलवर पाय ठेवला. त्या रेसमधलं सगळ्यात अवघड काम मला तेच वाटलं.

•

मी फिजिओ. कोलोरॅडोतला वुल्फ क्रीक पास हा घाट (१०,८५७ फूट) आमच्या रायडरने छान चढला, म्हणून निर्धास्त होते. पुढे मिसुरीत मान धरेना. हनुवटी छातीला टेकायला लागली. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून गळ्याखाली बांधली. दर तासाला सोडायची, मान चोळायची, पुन्हा बांधायची. माझ्या बोटांना अजून ती गाठ आठवते.

•

आम्ही ओहायोत राहतो. मराठी रायडर येतोय कळलं म्हणून थालीपीठं आणि ताक घेऊन अथेन्सच्या टाइम स्टेशनवर, म्हणजे वाटेतल्या वेळ नोंदवायच्या ठिकाणी गेलो. त्याचं तोंड आतून सोललेलं, घास चावेना. ताक मात्र दोन ग्लास घेतलं. थालीपीठं क्रूने खाल्ली, पार्किंगमध्ये उभ्याउभ्याच. त्यातला एक मुलगा म्हणाला, "काकू, तीन राज्यं झाली, ब्रेडवरच आहोत." उरलेलं लोणचं बाटलीसकट त्याच्या हातात दिलं.