नवख्या पक्षीनिरीक्षकाने डीएसएलआर नाही, सुपरझूम घ्यावा

टिटवी

चातक यांनी परवा गप्पांच्या पानावर विचारलं होतं: चाळीस हजारांपर्यंत तयारी आहे, जुन्यात निकॉनचा डी ३५०० हा डीएसएलआर (आरशाचा, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) मिळतोय, १८-५५ आणि ७०-३०० मिमी अशा दोन लेन्ससकट, तेवढ्यातच निकॉनचा पी ९०० सुपरझूमही (लेन्स कायमची जोडलेली, झूम फार लांबचा) मिळतोय. पक्ष्यांसाठी काय घेऊ? सगळ्यांनी एका सुरात डीएसएलआर सांगितला. "सुपरझूम म्हणजे खेळणं" असंही कुणीतरी लिहिलं. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून हा वेगळा धागा.

नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळीला चापडगावच्या मनोऱ्यावर उभं राहिलं की पक्षी पन्नास मीटरवर आला तरी जवळ आला असं वाटतं. पण आपण पंचवीसच धरू. पक्षी वेडा राघू, शेपटीच्या काडीसकट साधारण २० सेंमी. ३०० मिमी लेन्समधून त्याची सेन्सरवर पडणारी प्रतिमा २.४ मिमी. डी ३५०० चा सेन्सर २३.५ मिमी रुंद, म्हणजे चौकटीचा दहावा हिस्सा पक्षी आणि बाकी सगळी बाभूळ. ६००० पिक्सेलच्या रुंदीत त्याच्या वाट्याला सहाशेच्या आसपास येतात. पी ९०० ची लेन्स पूर्ण झूमवर खरी ३५७ मिमीच असते (२००० मिमी म्हणतात ते मोठ्या, फुल-फ्रेम सेन्सरच्या हिशेबाने), पण सेन्सर फक्त ६.१७ मिमी रुंद. त्यामुळे तोच पक्षी जवळजवळ अर्धी चौकट भरतो आणि त्याच्या अंगावर दोन हजारांवर पिक्सेल पडतात.

नवीन माणसाला फोटो कशाला हवा असतो? घरी येऊन पुस्तकाशी ताडून बघायला. चिखलात चरणारे छोटे पाणपक्षी घ्या: छोटा टिलवा की टेमिंकचा टिलवा, हे पायांच्या रंगावरून ठरतं. पहिल्याचे काळे, दुसऱ्याचे पिवळसर. चिखलात चाळीस मीटरवर फिरणाऱ्या टिलव्याचे पाय ३०० मिमीत दिसतच नाहीत. ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींची वेबसाइट) अनपेक्षित नोंद टाकली की तपासणारे पुरावा मागतात, तिथेही पिसांचा मखमली पोत कुणी विचारत नाही.

आणि मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. लेन्स अपुरी पडली की माणूस पुढे सरकतो. मग आणखी थोडा पुढे. थवा उडतो, आणि दुपारपर्यंत त्या काठावर काही बसत नाही. हे मी दर हिवाळ्यात बघते आणि दर वेळी जीव तुटतो. लांबून फोटो मिळत असेल तर पुढे जायचा मोह तरी कमी होतो.

वाटाड्या

टिटवीताई, हिशेब बरोबर मांडलात, पण अर्धाच. पिक्सेल जास्त पडले म्हणजे बारकावा तितकाच वाढला असं होत नाही. पी ९०० चा एक पिक्सेल १.३ मायक्रॉनचा आणि पूर्ण झूमला छिद्र एफ ६.५ (म्हणजे फोकल लांबी भागिले ६.५). डिफ्रॅक्शनमुळे प्रकाशाचा एक बिंदू तिथे आठ-नऊ मायक्रॉनच्या ठिपक्यात पसरतो. एकच ठिपका कितीतरी पिक्सेलांत वाटला जातो. दोन हजार पिक्सेलांतला खरा माल त्याहून बराच कमी.

दुसरं, पी ९०० रॉ फाइल (सेन्सरवरची कच्ची, नंतर सुधारता येणारी माहिती) देतच नाही, फक्त जेपेग. सावलीतला पक्षी काळवंडला की संपलं, नंतर उजळायला हातात काही उरत नाही. रॉ हवं असेल तर २०२० सालचा पी ९५० बघावा लागेल, आणि तो या बजेटात बसेल असं मला वाटत नाही.

तिसरं, टिलव्याच्या पायांचं उदाहरण तुम्ही दिलंत, मी भोवत्याचं (हॅरियर, शिकारी पक्षी) देतो. मादी माँटेग्यूच्या भोवत्याची की पॅलिड भोवत्याची, हे मानेवरच्या फिकट पट्ट्यावरून बघायचं, आणि भोवत्या बहुतेक वेळ माळावर घिरट्याच घालत असतो. उडता पक्षी सुपरझूमच्या फोकसला पकडता येत नाही. पी ९०० सेकंदाला सात फोटो काढतो खरा, पण सातच. मग कार्डावर लिहून होईपर्यंत थांबायचं. तेवढ्यात भोवत्या पुढच्या गावाला. डी ३५०० सेकंदाला पाचच काढतो, पण शटर दाबून ठेवा, काढत राहतो, आणि आरशातून दिसणारा पक्षी हा त्या क्षणीचाच पक्षी असतो.

टिटवी

उडत्या पक्ष्याबद्दल पूर्ण मान्य, तिथे माझा वाद नाही. डिफ्रॅक्शनबद्दल मात्र आहे. लांबच्या पक्ष्याचा किती प्रकाश आणि किती बारकावा आत येणार, हे लेन्सचं छिद्र प्रत्यक्षात किती मिलीमीटर आहे त्यावर ठरतं. ३५७ भागिले ६.५ म्हणजे ५५ मिमी. ७०-३०० चं ३०० भागिले ६.३ म्हणजे ४८ मिमीही नाही. पूर्ण झूमला, लांबच्या पक्ष्यासाठी, "खेळण्याची" खिडकी मोठी आहे. डिफ्रॅक्शनचा नियम दोघांना सारखाच लागू.

वाटाड्या

तुमचाच नियम आता जवळच्या पक्ष्याला लावा. कर्नाळ्याच्या जंगलात स्वर्गीय नर्तक आठ मीटरवर बसलाय, वर पानांचं छत, सकाळचे सात. ७०-३०० तिथेही ३०० वरच वापरणार, छिद्र तेच ४७-४८ मिमी. पी ९०० वर तेवढीच चौकट हवी तर झूम मागे आणावा लागतो. खरी फोकल लांबी ८० मिमीच्या आसपास उरते, छिद्र सतरा मिमीच्या आत-बाहेर. प्रकाश सात-आठ पटींनी कमी. कॅमेरा आयएसओ (सेन्सरची प्रकाशाबद्दलची संवेदनशीलता) चढवणार आणि नर्तकाच्या पांढऱ्या शेपटीवर रांगोळी विस्कटल्यासारखे दाणे येणार. नांदूर मध्यमेश्वर उघडं पाणथळ आहे म्हणून तुमचं गणित तिथे जमतं. सह्याद्रीच्या जंगलात उलटं होतं, आणि पावसाळ्यात नवरंग पक्षी शोधायला जाल तेव्हा तर फारच.

शिवाय लांबून काढलेल्या फोटोला हवा आडवी येते. दहा वाजून गेले की पाण्यावरची हवा लवलवायला लागते. २००० मिमीचा झूम तिथे त्या लवलवण्याचाच फोटो काढतो.

खाडीकाठ

रत्नागिरीतून लिहितो. हवेचा विषय निघालाच आहे तर दमट हवेचंही बोला. कोकणात चार महिने कॅमेरा जपणं हेच मोठं काम. डीएसएलआरच्या एका लेन्समध्ये बुरशी धरली तर ती लेन्स बाजूला ठेवता येते, साफ करून घेता येते, नाहीच झाली तर दुसरी घेता येते. सुपरझूमची लेन्स कॅमेऱ्याला कायमची जोडलेली. झूम आत-बाहेर होताना प्रत्येक वेळी हवा ओढली जाते, आणि ओलावा, धूळ तिच्याबरोबर. आत बुरशी गेली की सगळा कॅमेराच खोलावा लागतो आणि खर्च ऐकून माणूस नाद सोडतो. आमच्याकडच्या माणसाला मी डोळे झाकून डीएसएलआर सांगेन. हवाबंद डबा आणि सिलिका जेल दोघांनाही हवंच.

माळरान

खाडीकाठ, एकदम विरुद्ध अनुभव. मी सोलापूरकडचा. इथे ओलाव्यापेक्षा धुळीचा त्रास. माळावर उभं राहून लेन्स बदलली की सेन्सरवर धूळ बसलीच, मग आकाशाच्या प्रत्येक फोटोत ते काळे ठिपके. सुपरझूमला लेन्स बदलायचीच नसते. मोटारसायकलवर गळ्यात एकच वस्तू. पी ९०० नऊशे ग्रॅमचा आहे आणि मला तोही जड वाटत नाही.

डीएसएलआरवाल्यांनी एक गोष्ट सांगायची राहिली. ३०० मिमीवर कुणी थांबत नाही. वर्षभरात १५०-६०० किंवा २००-५०० घ्यावीशी वाटतेच. निकॉनची २००-५०० एकटीच २.३ किलो, आणि किंमत डी ३५०० च्या कितीतरी वर. चाळीस हजारांचं बजेट सांगून आलेल्या माणसाला त्या वाटेला लावायचं, हे मला बरोबर वाटत नाही.

गव्हाणी

टिटवीताईंच्या शेवटच्या मुद्द्यावर लिहायचंय. मोठा झूम असला की लोक लांब थांबतात, हे मला मान्य नाही. वीणीच्या काळात नर्तकाच्या घरट्याभोवती जे घोळके जमतात त्यांच्याकडे सहाशेच्या लेन्सही असतात आणि सुपरझूमही. पक्षी घरट्यावर येत नाही, पिल्लं उघड्यावर राहतात, तरी "अजून दोनच फोटो" चालू असतं. फांद्या बाजूला बांधून ठेवणारेही असतात. हे कॅमेऱ्याने थांबत नाही. जुन्या माणसांनी नव्यांना तिथल्या तिथे हटकावं लागतं, आणि घरट्याची जागा कुणाला सांगायची नसते. कॅमेरा कोणता हा प्रश्न त्याच्याशी जोडू नका, ही कळकळीची विनंती.

टिटवी

गव्हाणी, घरट्यांबद्दल तुम्ही म्हणता ते शब्दन् शब्द खरं. मी पाणथळीच्या काठाबद्दल बोलत होते. तिथे पुढे सरकणारा बहुतेक वेळा फक्त नवखा असतो, कुणाचं वाईट करायचं म्हणून जात नाही. त्याला दिसत नसतं म्हणून जातो. त्याच्या बाबतीत मला अजूनही फरक पडेल असं वाटतं.

चातक

इतकी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. माहिती द्यायची राहिली होती: मी नाशिकचा, जाणं होतं ते बहुतेक गंगापूर धरण आणि नांदूर मध्यमेश्वर. वर्षातून एखाद वेळी भिगवण. जंगलात फारसा जात नाही. पण घरचे कार्यक्रम, पावसाळ्यात घाट, हेही काढायचं असतं. पूर्ण झूमला पक्षी सापडतच नाही असं ऐकलंय, ते खरं का? आणि थोडं थांबून मिररलेस (आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घेतला तर?

टिटवी

सुरुवातीला खरंच सापडत नाही. पी ९०० च्या लेन्सच्या बाजूला एक बटण आहे, स्नॅप-बॅक झूम. ते दाबून धरलं की झूम मागे येतो, पक्षी दिसतो, बोट सोडलं की परत जिथे होता तिथे जातो. भिगवणच्या होडीत हे फार उपयोगी पडतं, कारण तिथे पाण्याच्या हेलकाव्याने रोहित (फ्लेमिंगो) चौकटीबाहेर जातच असतात. होडीत मात्र पूर्ण २००० ला जाऊ नका, अर्ध्यावर थांबा.

माळरान

मिररलेसची आशा धरायला हरकत नाही. कॅननचा आर १० आणि १००-४०० लेन्स, ही जोडी पक्ष्याचा डोळा शोधून फोकस धरते आणि ती लेन्स ६३५ ग्रॅमचीच आहे. पण बजेट दुपटीच्या पुढे जातं. तोवर या हिवाळ्यातले पक्षी निघून जातील.

वाटाड्या

चातक, तुमच्या जागा बघता टिटवीताईंच्या बाजूने वजन जास्त पडतंय हे मी मान्य करतो. पण घरचे कार्यक्रम लिहिलेत, तिथे मी हलणार नाही. संध्याकाळी घरात, ट्यूबलाइटखाली, डी ३५०० आणि ३५ मिमी एफ १.८ लेन्स यांच्या जवळपासही पी ९०० येत नाही. सेन्सरचं क्षेत्रफळच तेरा पट मोठं आहे.

डीएसएलआर बघायला गेलात तर ७०-३०० वर व्हीआर (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) ही अक्षरं आहेत का ते आधी बघा. तीच लेन्स व्हीआरशिवायही विकली जायची. लांबून दोन्ही सारख्याच दिसतात आणि हातात धरून ३०० वर काढताना व्हीआरशिवायची बिनकामाची ठरते. शटर किती वेळा उडालंय ते फोटोच्या फाइलमधून काढून घ्या. डी ३५०० चं शटर एक लाखाचं धरतात. निकॉनने २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही, त्यामुळे जुना माल बाजारात भरपूर आहे. पहिल्याच माणसाकडे पैसे देऊ नका.

खाडीकाठ

आणि पी ९०० ठरला तर झूम पूर्ण बाहेर काढायला लावा, मोबाइलचा टॉर्च काचेवर तिरका धरा आणि आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर कितीही स्वस्त असला तरी ठेवून या. झूम आत-बाहेर होताना करकर वाजला तरीही.